तापाचा निरोप

माहं माहेर म्हणाल तर पुसेगाव, सेनगाव तालुक्यातलं. बाप बकऱ्या राखायचा, न् असा तापट की बकरी चुकली तर बकरीला न्हाई, आमा लेकरायला मारायचा, काठी मोडंस्तोवर. भाऊ रडायचे. मी एकदा त्याच मोडक्या काठीनं बापाच्या नडगीवर हाणलं, तवापासून घरात माहं नाव नागीण. काय सांगू तुमाला, बापाकडून मला जमीन न्हाई आली, राग तेवढा आला.

लगीन झालं वारंगा फाट्याजवळ. मालक बरा माणूस, पण फाट्यावरच टरकानं चिरडला. रस्त्यावरून गोळा करावं लागलं त्याला, म्या केलं, ह्याच हातानं. पाव्हणे तेराव्याला जेवून गेले ते गेलेच. येत राहिली ती सलोमीमावशी, फाट्यामागच्या पत्र्याच्या शेडात ख्रिस्ती लोकायची मंडळी भरती, तिथली. बोलायची न्हाई काई, माह्या बकऱ्यायला पाला टाकायची न् जायची. मग मीच तिच्यामागं जाऊन बसाया लागले. प्रार्थना चालवणारे पाळक धरून आमी चौदा माणसं, एक ढोलकी. रविवारी कोणी दिसलं न्हाई तर भक्ती सुटल्यावर एखाद-दुसरं त्याच्या घरी जाऊन पाहतं, न् आजारी असंल तर समदेच जातेत, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना कराया.

एकुलती एक लेक माही, सुनीता, डोंगरकड्याला दिली. जावई पिऊन मारायचा. दोनदा पळून आली, दोनदा म्याच समजूत घालून धाडली, ते माहं पाप. तिसऱ्यांदा आली ती शनिवारी, ऑटोत आडवी. हात कोपरात उलटा, दोन दात पडलेले, पाठीवर जळत्या लाकडाचे चटके. माय, म्हणली, आता धाडू नको. दवाखान्यातून पलस्तर घालून आणली, निजवली, न् मी पाला तोडायची कुऱ्हाड घासाया बसले. रविवारी दुपारी मुडदा पिऊन निजलेला असतो. गाडीनं जायचं न् मान तोडायची. खोटं काहून बोलू?

पण आपण दिसलो न्हाई तर मंडळीतलं कोणी येईल ना घरी! म्हणून म्या डोकं चालवलं, शेजारणीजवळ निरोप धाडला, मला लई ताप हाये, येत न्हाई. पाहा माही अक्कल!

लुगड्यात कुऱ्हाड लपवून उंबऱ्याबाहेर पाय टाकला तर समोर उरलेले तेराच्या तेरा, ढोलकीसकट. मावशीनं कपाळाला हात लावला, ताप तर न्हाई गं, म्हणली, न् तिच्या हाताला दांडा लागला. बाजूला व्हा, म्हणलं. हलंनात. पाळकाला ढकललं, ते हौदाच्या काठावर पडले, बरगडी मोडली. एका बाईच्या मनगटाला चावले, रगत निघंस्तोवर. मावशीनं खाली बसून माहे पाय धरले. सोड म्हातारे, म्हणलं, न् कुऱ्हाड उलटी करून हाणली तिच्या कपाळावर. फुटलं कपाळ. रगत डोळ्यात गेलं, तोंडात गेलं, पण हात सुटंनात तिचे. म्हणली, मला मारून जा. पण तू जेलात गेली तर ह्या पोरीला भाकर कोण देईल, तो जावई?

आतून सुनीता ओरडली, माय! मग कुऱ्हाड टाकली म्या. मावशीच्याच पदरात तोंड घालून रडले, बापाच्या मारानं न्हाई रडले तेवढी.

दुसऱ्या दिवशी समदे टेम्पोत बसून ठाण्यात. पाळक बरगडी धरून, मावशी पट्टी बांधून. सायबानं विचारलं, आजी, तुमचं डोकंबी जावयानंच फोडलं का? मावशी म्हणली, माहं ऱ्हाऊ द्या, पोरीचं लिहा. जावयाला धरला, केस चालू हाये, तारखेला कोणी ना कोणी आमच्यासंगं येतंच. सुनीता आता माह्यापाशीच असती. हात पुरा वळत न्हाई तिचा, पण बकऱ्या राखती.

तुमी विचारता राग गेला का. न्हाई गेला. डोंगरकड्याची गाडी दिसली की अजून हात शिवशिवतेत. म्हणून कुऱ्हाड म्याच मावशीच्या घरी ठेवली. सकाळी मागाया जाते, ती आधी माह्या कपाळाला हात लावून पाहती, मग देती. सांजच्याला परत नेऊन ठेवते, तिच्या कपाळावरचा वण रोज पाहते. देवानं तिला लई आयुष्य द्यावं. ती गेल्यावर कुऱ्हाड मी कोणाच्या घरी ठेवू?