सातवा नमुना

ताहेर : थांबा गुर्जी, तसे नोका बसू. स्टूल पुसून देतो. हां, बसा आता. धोतर तुमचं पांढरंशुभ्र हाय.

महादेवराव : ताहेर, चाळीस वर्षे संस्कृत शिकवले, तुझ्यासारख्यांनाही शिकवले, परंतु मटणाच्या दुकानात आसनस्थ होण्याचा योग आज प्रथमच आला. तुझ्या कन्येने, रुबीनेने मला दूत म्हणून पाठवले आहे.

ताहेर : आली काय अमरावतीहून? मंग घरी काहून नाही आली?

महादेवराव : बाहेर ऑटोत बसली आहे. तुला भिते.

ताहेर : मले? ते पोरगी तं प्रिन्सिपलालेई भेत नाही!

महादेवराव : ऐक. महाविद्यालयासाठी तिने अकोल्यातील दहा दुकानांचे मटण गुपचूप आणवून तपासले. उद्या तो अहवाल सर्वांसमोर वाचायचा आहे. नऊ दुकानांत जंतू थोडेबहुत. सातव्यात मात्र साक्षात अक्षौहिणी उतरलेली.

ताहेर : लाहौलविलाकुव्वत! कोन हाय तो सात नंबरवाला? कुलूप ठोका त्याच्या दुकानाले! यंदा कापसानं मारलं तरी लोकं बिचारे आठवड्यातून एक डाव पावभर मटन नेतात, अन हा गंदा मानूस त्यायले बिमारी बांधून देते!

महादेवराव : शिजवल्यावर जंतू मरतात म्हणे.

ताहेर : मंग कायची फिकर?

महादेवराव : कच्च्या मटणाचा हात कोथिंबिरीला लागतो, पाण्याच्या माठाला लागतो. कोथिंबीर कोण शिजवतो? मग लेकरांना, वृद्धांना हगवण होते. त्यातले काही जंतू तर औषधालाही जुमानत नाहीत.

ताहेर : हे मातर खरं हाय. आमच्या अम्मीचंच पाहा ना. ईदपासून तीन डाव पोट बिघडलं. दोन औषधं फुकट गेले, तिसरं लागू पडलं. अन मटन तं बाहेरचं नाहीच, आपल्याच दुकानातलं, एकदम साफ... गुर्जी, तुमी असे काहून पाहून राहिले?

महादेवराव : साफ कसे ठेवतोस, तेवढे सांग.

ताहेर : हे फडकं पाहा! सुरा पुसतो, ठोकळा पुसतो, तराजू पुसतो, हात पुसतो. दिवसातून शंभर डाव. बाकीचे आळशी लेकाचे पुसतच नाहीत.

महादेवराव : आणि हे फडके धुतोस केव्हा?

ताहेर : दर शुक्रवारी. नमाजीले जायच्या आधी, न चुकता.

महादेवराव : आज वार कोणता?

ताहेर : गुरुवार.

महादेवराव : आणि मघाशी माझे हे आसन तू...

ताहेर : उठा गुर्जी! उठा!

(महादेवराव सावकाश उठतात आणि धोतराचा मागचा भाग पाहण्याचा निष्फळ प्रयत्न करतात.)

महादेवराव : आता उठून काय लाभ? अक्षौहिणी आरूढ झाली.

ताहेर : रुबीना! ये इकडं. सात नंबर मीच हाओ ना?

रुबीना : अब्बू, ते पान मी काढून टाकते. नऊ नमुने दाखवले तरी चालते. कोनाले मालूम नाही पडनार.

ताहेर : दादीचं पोट कायनं बिघडलं?

रुबीना : पक्कं नाही सांगता येत. पन मले वाटते, सात नंबरनंच.

ताहेर : मंग राहू दे ते पान. उद्या मीई येतो अमरावतीले. कोनी विचारलं सात नंबर कोन, तं उभा राहीन.

महादेवराव : धन्य आहेस. मी आता निघतो; घरी सौभाग्यवतीला या धोतराचा वृत्तांत द्यायचा आहे.

ताहेर : चहा पिल्याबिगर नाही जायचं गुर्जी. बसा... म्हंजे उभेच राहा. थांबा, कप जरा पु...

रुबीना : अब्बू.

ताहेर : धुतो, माय. धुतो.