सावलीत सुकवायचा पाला

(प्रयोगशाळा. टेबलावर तीन काचनळ्या. संशोधन करणारी ताई उभी, तिला औषधी पाला आणून देणारी मावशी स्टुलावर.)

ताई: बघा मावशी. तुमच्या तीन खेपा, तीन नळ्या. पहिली पिवळी, पुढच्या दोन्ही जांभळ्या.

मावशी: जांभळ्याच जास्त छान दिसतात की.

ताई: तीच तर रड आहे. सुरुवातीला सगळ्याच जांभळ्या असतात. लोखंड गंजतं तसं शरीरही आतून झिजतं. ते थोपवणारं द्रव्य अर्कात असेल, तर जांभळा रंग उडतो.

मावशी: आणि माझ्या पाल्यात ते नाही?

ताई: पहिल्या खेपेत होतं. सर म्हणतात, तिन्ही खेपा जुळल्या नाहीत तर झाडच बदला. म्हणजे माझी चार वर्षं पाण्यात. अकरा वेळा करून पाहिलं, मावशी. आता माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही.

मावशी: डोळ्यांखाली काळं आलंय तुमच्या. वेळेवर जेवता तरी का?

ताई: विषय बदलू नका. झाडं तीच?

मावशी: तीच, ओढ्याकाठची. फुलं यायच्या आधी पाला तोडला, सकाळी सकाळी.

ताई: आणि सुकवलात कुठे?

मावशी: पत्र्यावर.

ताई: उन्हात? अहो, उन्हात सगळा कस जातो. सावलीत, वाऱ्यावर, दहा दिवस. शंभरदा सांगितलं होतं.

मावशी: ठाऊक आहे हो. पण सावलीची, वाऱ्याची माझ्याकडे एकच खोली. तिथे ह्यांची खाट टाकली. पाल्याच्या वासाने खोकला थांबेना, मग पाला बाहेर काढला. माणसाला कुठे काढणार?

ताई: मला सांगायचं होतंत.

मावशी: तुम्ही दुसरीकडून घेतला असतात. मला विचारून पुढे जाणारं हे एवढं एकच काम आहे माझं.

ताई: आता कसे आहेत काका?

मावशी: गेले. तिसऱ्या खेपेच्या आधीच.

ताई: अरेरे. मला काहीच माहीत नव्हतं... पण मग तिसरी खेप? खोली तर...

मावशी: रिकामीच होती. पण खाट उचलायला हात धजत नाही. दारापर्यंत जाते, आत बघते आणि टोपली घेऊन परत पत्र्यावर चढते.

ताई: सरांना सांगते मी, झाडाचा दोष नाही, सुकवण्यात चूक झाली. थोडी मुदत मागते. फुलं आली का?

मावशी: आठवडाभर अवकाश आहे.

ताई: मग ओला पालाच इकडे आणा. एक कोपरा मोकळा करते.

मावशी: इथल्या रसायनांच्या वासात? तुम्हीच नको म्हणाला होतात.

ताई: मग कसं करायचं? मला काही सुचत नाही आता.

मावशी: खाट हलवायलाच पाहिजे असं काही नाही ना?

ताई: नाही.

मावशी: मग खाटेखाली पसरते. खिडकीतून वारा येतो तिथे. आता खोकणारंही कुणी नाही.