तातोबा गुरवाचे नवे दात

टाळ जरा खाली ठेवा. मृदंगावर नुसता हात असू द्या, वाजवू नका. मंडळी, मागे बसलात ते पुढे सरका. आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न टाकतो. उत्तर मला देऊ नका, आपापल्या मनात ठेवा.

माणूस विचारायचा तो प्रश्न विचारत का नाही? कळत नाही म्हणून? छे! ज्याला कळत नाही तो तर दिवसभर विचारून भंडावून सोडतो. तोंड मिटून बसतो तो कळणारा! उत्तर त्याला आतून ठाऊक असतं, आणि ते त्याला नको असतं.

हेरगाव नावाचं गाव. डोंगराच्या उतरणीवर रवळनाथाचं देऊळ, आणि त्या देवळाचा गुरव तातोबा. पूजाही त्याची, सनईही त्याचीच. पहाटे देवाचं दार उघडायचं, समई सारखी करायची आणि ओसरीवर बसून सनई तोंडाला लावायची. गावातल्या बाया त्या सुरावर उठायच्या, चूल पेटवायच्या. एखाद्या दिवशी सनई उशिरा झाली तर गावात दूधसुद्धा उशिरा तापायचं. असा माणूस!

आणि त्याच्या घराण्याची एक रीत. गुरवाची लेक सासरी निघाली की बापानं स्वतः सनई वाजवत तिला वेशीपर्यंत न्यायचं. वेशीवर लेक पाठमोरी उभी राहते. मागे वळून बघायचं नाही. बापाची सनई ऐकायची आणि मग गाडीत पाऊल टाकायचं. त्या घरात बाप रडत नाही, मंडळी. रडणाऱ्याला फुंकता येत नाही. जे काय असेल ते सनईतून जायचं.

तातोबाला एकच लेक, मंजिरी. तिचं लग्न ठरलं. साखरपुडा झाला, पाहुणे जमले, फोटोवाला आला. सगळ्यांना एका ओळीत उभं केलं आणि तो फोटोवाला काय म्हणतो? "काका, तुम्ही जरा तोंड मिटून हसा."

आता तोंड मिटून कसं हसतात ते तुम्हीच करून दाखवा! तातोबाचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, एक कडेला कललेला, आणि सगळ्यांवर पानाचा जुना रंग. फोटोवाल्याच्या मनात काही नव्हतं. पण व्याही शेजारी उभे होते, ते खाली बघून हसले. तातोबाला ते लागलं. लागायचंच! — पेटीवाले गोपाळराव, तुम्ही हसू नका. तुमचे तर वाटीत काढून ठेवलेत, ठाऊक आहे आम्हाला.

घरी आल्यावर तातोबा बायकोला म्हणाला, "गिरिजे, लग्नाआधी दात करून घेतो."

ती माउली भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, "करा की. पण डाक्टरांना सनईचं विचारा आधी."

"त्यात काय विचारायचं?"

"दाताला हात लावणार, आणि तुम्ही दातांच्या आधारानं फुंकता. विचाराल तर काय जातंय?"

तातोबानं पानाचा डबा पुढं ओढला आणि म्हणाला, "विचारलं तर नको म्हणतील."

ऐकलंत ना? इथं आख्यान संपलं, मंडळी! पुढचं सगळं नुसतं घडायचं बाकी राहिलं.

तालुक्याच्या गावी दातांच्या डॉक्टर होत्या, देशिंगकर नावाच्या. बाई शिकलेली, हातानं कसबी, आणि घाई न करणारी. आधी हिरड्या तपासल्या, फोटो काढला, दात साफ करून दिले. म्हणाल्या, "काका, डाग बरेच गेलेत. एवढ्यावर भागत असेल तर मी पुढं जाऊ नका म्हणेन. सरळ दिसायला हवे असतील तर दात घासून बारीक करावे लागतील आणि वर टोप्या बसतील. घासलेलं दाताचं कवच परत येत नाही. पटतंय ना?"

"पटतंय," तातोबा म्हणाला.

"तुम्ही करता काय?"

"देवाची पूजा."

खोटं बोलला? नाही हो. पूजा करतच होता! पण अर्धं खरं गिळलं की ते घशात बसतं.

बाईंनी दात घासले आणि वर तात्पुरते दात लावले, नंतर पक्के बसायचे त्याच आकाराचे. बजावून सांगितलं, "हे मुद्दाम देतेय. घरी जा, जेवा, बोला, रोज जे जे करता ते सगळं यांनी करून बघा. खुपलं, अडलं, तर आत्ताच सांगा. पक्के बसवले की मग अवघड होईल."

आता नशिबाचा खेळ बघा. तातोबा घरी पोचला आणि भाऊबंदात चुलता वारला. सुतक आलं! सुतकात गुरवानं देवळाची पायरी चढायची नाही, देवाच्या सनईला हात लावायचा नाही. पूजेला आणि सनईला पलीकडच्या वाडीचा गुरव आला. आमचा तातोबा घरात बसून राहिला.

आणि मनात म्हणाला काय? बरंच झालं! नाहीतरी सेवा बंद, तेवढ्यात दातांचं उरकून टाकू.

अरे, ज्यासाठी ते दात दिले होते तेच एक काम त्या दिवसांत बंद होतं! तो जेवला, बोलला, आरशात हसून बघितलं. फुंकलं नाही. गिरिजानं एकदा सांगून बघितलं, "सुतक फिटल्यावर एक दिवस वाजवून मग पक्के करा." तो म्हणाला, "लग्न तोंडावर आलंय." सुतक फिटायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात गेला. बाईंनी विचारलं, "सगळं नीट?" म्हणाला, "सगळं नीट." त्यांनी दात पक्के केले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून तो देवळात गेला. दार उघडलं, समई सारखी केली, ओसरीवर बसला आणि सनई तोंडाला लावली.

नुसती हवा गेली. फस्स.

पुन्हा ओठ आवळले. वरचा ओठ जन्मभर ज्या वाकड्या दातावर टेकायचा तो दात आता तिथं नव्हता. नवे दात सरळ, लांब, गुळगुळीत. ओठाला धरायला जागाच नाही. जोर लावला तर दाताच्या मुळातून कळ थेट डोळ्यापर्यंत गेली. वारा कडेनं निसटत राहिला. गावात त्या दिवशी बाया उशिरा उठल्या आणि कुणाला कारण कळलं नाही.

तातोबा सनई घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टरबाईंनी सनई बघितली, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि खुर्चीत बसल्या.

"हे आधी का नाही सांगितलंत, काका?"

तातोबानं सनई उपरण्यात गुंडाळली.

"थोडं घासून आखूड करते. घासण्याआधी तुमच्या दातांचा साचा घेतला होता, त्यावरून नवेही करून बघू. पण ओठाची सवय परत लागेल की नाही, मी शब्द देऊ शकत नाही. महिने लागतील."

"लग्न आठवड्यावर आहे, बाई."

त्यांनी त्या दिवशी जे करता येईल ते केलं. तातोबा रोज गोठ्यात जाऊन फुंकत होता. एखादा सूर लागायचा आणि मोडायचा. ओठ फुटून रक्त यायचं.

लग्न झालं. फोटो छान आले! तातोबा तोंडभर हसताना दिसतो. व्याह्यांनी घरात लावलाय तो फोटो.

मग पाठवणी. सगळे वेशीवर गेले. कुणीतरी म्हणालं, मोबाईलवर सनई लावू का? मंजिरीनं मानेनंच नको म्हटलं. ती रीतीप्रमाणे पाठमोरी उभी राहिली. तातोबानं सनई तोंडाला लावली. बोटं बरोबर चालली, एकही चुकलं नाही. पण आवाज नाही, नुसती हवा. वऱ्हाडाचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. मंजिरी उभीच. आणि त्या घरात बाप कधी रडला नव्हता, तो त्या दिवशी रडला, कारण फुंकण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मंजिरी न वळता म्हणाली, "आबा, ऐकलं मी. येते."

आणि गाडीत बसली.

लेक खोटं बोलली हे त्याला कळलं. ते खोटं घेऊन तो घरी आला, आणि अजून घेऊन बसलाय. देवळात आता विजेवर चालणारं यंत्र आहे. बटण दाबलं की नगारा आणि घंटा वाजते. बटण तातोबाच दाबतो.

आता सांगा, वाईट कोण? फोटोवाला? डॉक्टरबाई? दात सुंदर करून घेणं हे पाप? मुळीच नाही! बाईंनी विचारलं होतं, बायकोनं सांगितलं होतं. तुम्हीही उद्या त्या खुर्चीत बसाल. साखरेचा आजार लपवाल, रक्त पातळ करायची गोळी लपवाल, तंबाखू तर हटकून लपवाल! तिथं बसाल तेव्हा लाज बाहेर ठेवा. काय कापणार, परत येणार का, एवढ्यावर भागेल का, विचारा. आणि आपण या तोंडानं काय काय करतो ते सगळं सांगा. जे सांगताना जीभ जड होईल ते सगळ्यात आधी सांगा.

घ्या आता टाळ हातात. देवाचं नाव घ्या, आणि मोठ्यानं घ्या. तातोबा ते सनईतून घ्यायचा; सगळ्यांनाच ते घेता येतं असं समजू नका.