माळावरचे खड्डे

माझा जल्म मेंढरातलाच. मनमाडच्या खालतं माळ हाय ना, तिथं पालात आईनं मला जल्म दिला न् तिसऱ्या दिवशी बिऱ्हाड हाललं, मला घोड्यावर बांधलं न् चला पुढं. लग्नबी मेंढरवाल्यातच झालं, त्यामुळं घर म्हणलं का मला भिंती आठवतच नाय, माळ आठवतो.

काय सांगू ताई तुम्हाला, तुम्ही पैलं यायला पायजे होतं. झाड कुठं एखादंच, नुसतं गवत, लोक म्हणायचे उजाड हाय. आवं उजाड कसलं! मारवेल, पवन्या, कुसळी, गुडघ्याएवढं गवत, त्यात काळवीट, त्यात चंडोल अंडी घालणार, ससे, लांडगा. लांडगा एखादं कोकरू न्यायचा, सासूबाई म्हणायच्या नेऊ दे, त्याचाबी वाटा हाय, मी मातर शिव्या घालायची, मला नाय जमलं एवढं मोठं मन. आता नातीच्या भूगोलात गवताळ प्रदेश हाय, आफ्रिकेतला, सिंहाचं चित्र काढलंय. मी म्हणलं आपला कुठंय गं, तर म्हणती आजी, आपल्याला पडीक म्हणतात.

तर उन्हाळ्यात आम्ही सुरगाण्याकडं जायचो, भाताच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायचो, पण पावसाच्या आत माघारी म्हंजी माघारी. तिकडचा पाऊस मेंढराला सोसत नाय, चिखलात खूर कुजतात. तिकडं झाडं शोभतात, पाणी हाय. आमच्याकडं पाऊस थोडा, वारं लय, इथं गवतच पायजे. हे मला ठावं होतं, ताई, लहानपणापासून ठावं होतं.

मग एका साली साहेब आले, म्हणे माळ हिरवा करायचा, झाडं लावायची, खड्डे खांदायला बाया पायजेत. मालक, म्हंजी आमचे हे, म्हणाले तू जाऊ नको, माळाला कुदळ लावू नको. मी ऐकते व्हय? म्हणलं झाड लावणं पुण्याचं काम, तुम्ही काय अडाण्यासारखं बोलता. सगळ्यात जास्ती खड्डे मीच खांदले, वर डोक्यावर हंडे आणून पाणी घातलं. उंदीरमारीची झाडं ती, मेंढी हुंगती न् पुढं जाती. मग तारंचं कुंपण आलं, चराई बंद. पुढं झाडं वाढली, सावलीत गवत मेलं, काळवीट कुठं गेले देवाला ठावं.

कुंपण पडलं त्या पावसाळ्यात माघारी यायचं कुठं? सुरगाण्यातच ऱ्हायलो. झड लागली ती थांबंनाच. मेंढरं लंगडायला लागली, मग गुडघे टेकून चरायला लागली, मालक एकेक खूर धुवून हळद-तेल लावायचे, बोलायचे त्यांच्याशी. निम्मी गेली. ऱ्हायलेली विकली. शेवटची मेंढी टेम्पोत चढंना, तिला त्यांनीच उचलून वर ठेवली.

आता गावात खोली हाय, बरं चाललंय म्हणायचं. पण ताई, मालक मला आजपत्तुर एका शब्दानं बोलले नाय. मी म्हणते आवं एकदा तरी भांडा, मी सांगितलं होतं असं तरी म्हणा, तेवढंच माझं मन हलकं व्हईल. ते ताट पुढं सारतात, म्हणतात भाकर खा, गार व्हईल.