भिंतीचं अस्तर

—नाही नाही, आधी बूट काढा, मग भिंत बघा. आणि कंपनीतूनच आलात ना? ओळखपत्र दाखवलंत, ठीक आहे, पण त्यातल्या फोटोत तुम्हाला मिशी आहे. बरं, असू दे. जावईबापूंनी नाही ना पाठवलं तुम्हाला? नाही म्हणताय. म्हणणारच. तक्रार मीच केलीय, कंपनीला पत्र मीच लिहिलं—भिंतीला ओल, काळे डाग, कुबट वास, आणि घराला सहा महिने नाही झाले! तुमच्याच कंपनीचा सुतार, माझ्या एकुलत्या एका लेकीचा नवरा, आणि सासूच्या खोलीची ही तऱ्हा. तुमच्या यादीतून त्यांचं नाव काढायचं तर काढा खुशाल. लेक म्हणते, आई, नाव गेलं तर इथलं काम सुटेल, आम्हाला दुसऱ्या शहरात जावं लागेल. खोकी जमवायला लागलीय. माझ्याशी बोलत नाही तीन आठवडे. जाऊ दे त्यांना एकट्याला—ती काही आईला सोडून जायची नाही. जाईल का हो?

आता तुम्हीच सांगा, घर पाहावं बांधून म्हणतात, आणि हे उभं राहिलं तीन दिवसांत! ट्रकमधून भिंती आल्या, वर नंबर घातलेल्या—ही खिडकीची, ही दाराची, हे छप्पर. दोन फळ्या आणि मध्ये थर्माकोल. म्हटलं, जावईबापू, फ्रिज येतो त्या खोक्यात राहायचं का मी? हसले. एक तर बोलत नाहीत, आणि वर हसतात. विचारलं, दोन भिंतींच्या सांध्यात काय? म्हणाले, फेस भरलाय, फुगून घट्ट बसतो, वर पट्टी मारलीय, काळजी करू नका आई. अहो, काळजी करू नका असं जो म्हणतो ना, त्याचीच आधी काळजी करावी. आणि मला पुढच्या घरातून इथं परसात हलवलं कशाला? गुडघ्यांनी जिना चढवत नाही, म्हणून. असं ते म्हणतात. मी तेव्हाच ओळखलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

चाळीस वर्षं कोट शिवलेत मी. वरून बघावं तर कडक इस्त्री, आणि आत? अस्तराखाली वर्तमानपत्र कोंबलेले कोट बघितलेत या डोळ्यांनी. म्हणून माझी सवयच—दुसऱ्याच्या हातचा कोट आला की अस्तर चार बोटं उसवायचं, आत बघायचं, पुन्हा शिवून टाकायचं. गिऱ्हाइकाला पत्तासुद्धा लागत नाही. नाही, भिंतीचं नाही बोलत मी, कोटाचं बोलतेय. तुम्ही लिहिताय काय एवढं?

हे काय काढलंत, दोन सुयांचं? ओल मोजायचं? खुपसा. ओलं ना? तिथे? तिथेही ओलं. सांगत नव्हते मी? आता वर लावा. वर कोरडं? असं कसं, ओल काय निवडून निवडून धरते? पाऊस नाही म्हणता—आतलीच वाफ, चहाची, श्वासाची, सांध्यात शिरते आणि थंडीत तिचं पाणी होतं? आणि सांधा बंद असला तर? शिरत नाही... अहो, नखानं खरवडू नका तिथं! आत्ताच रंग दिलाय मी—म्हणजे, दिलाय कोणीतरी. रंगाखाली निघाली ती होय, ती कॉलरला लावायची पट्टी, इस्त्रीनं चिकटते, दहा धुण्यांत सुटत नाही. बरं, उसवलं मी. चार बोटंच उसवलं, एका जागी. फेस होता आत. मग वाटलं, एका जागी भरला असेल दाखवायला, म्हणून शेजारी बघितलं. तिथंही होता. मग पलीकडे. विणायच्या सुईनं कोरून कोरून काढला, सगळीकडे होता—तरी जिवाला चैन पडेना. मी म्हटलं, जो माणूस इतकं चोख करतो तो लपवतो तरी काय?

पण बंद केलं मी परत, अगदी नीट! आणि वरचं उसवलंच नाही, स्टुलावर चढवत नाही मला. काय? भिंतीला टेकून हात वर करू? कशाला? ...केला. इथपर्यंत पोचतो. हो, डागही इथपर्यंतच आहेत. दिसतंय मला. म्हातारी आहे, आंधळी नाही.

लिहू नका ना लगेच. थांबा, कसला कागद? कंपनीकडे आधीच आलाय? आणा इकडे, चष्मा लावते. 'सांधे भरताना माझ्याकडून हयगय झाली. सासूबाईंचा यात काही दोष नाही.' सही त्यांचीच आहे. तारीख शुक्रवारची. शुक्रवारी आले होते ते. डागांवरून हात फिरवत होते, त्या पट्टीपाशी बोट थांबलं, माझ्याकडे बघितलं आणि हसले. पट्टी कुणाच्या हातची ते कळलं असणार त्यांना, घरात दुसरं कोण शिवतं?

मी सांगत नव्हते तुम्हाला? पहिल्या दिवसापासून म्हणतेय मी, हा माणूस खरं बोलत नाही. धडधडीत खोटं लिहिलंय हो हे. सगळीकडे होता फेस, सगळीकडे...

उठा. तो कागद इथंच ठेवा, सहीखाली जागा आहे अजून. आणि पेनही. बघताय काय? जा म्हणते ना.