जावयाला कोण विचारणार?

मंडळी, ओळखीच्या माणसाला 'तुम्ही तुम्हीच ना?' असं विचारलं, तर त्याचा अपमान होतो का? सांगा! थांबा, आधी हिशोब मांडू. आमच्या भागूबाईंना या व्यवहारात मिळणार होतं काय? एक शब्द — 'आई'! बस्स!

जावई हणमंतराव, लेक मंदाचे यजमान. माणूस सोन्यासारखा, पण तोंडाला कुलूप! अकरा वर्षांत सासूला स्वतःहून एक फोन नाही, 'आई' म्हणून एक हाक नाही. आले की 'बरं आहे ना?', निघाले की 'येतो.' सासूबाई जीव टाकणाऱ्या, आणि यांचा शब्द रेशनवर!

अधिक महिन्यातला शुक्रवार. मोबाईल वाजला. फोटो जावयाचा, नंबर नवा. भागूबाईंनी एक डोळा मिटून वाचलं — 'आई, नंबर बदललाय. अडचणीत आहे. चाळीस हजार पाठवा. मंदाला सांगू नका, घाबरेल.'

भागूबाई पदर सावरून उभ्याच राहिल्या — मोबाईलसमोर! हसू नका, तुम्हीही राहता!

चाळीस हजार होते हो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बाजूला ठेवलेले. तारीख बुधवारची! शेजारची कौसल्या मेसेज बघून म्हणाली, "काकू, जुन्या नंबरावर एकदा विचारा की!"

"अगं, धोंड्याचा महिना! जावयानं कधी नव्हे ते तोंड उघडलं, आणि मी उलटतपासणी करू? लेकीला काय तोंड दाखवू?"

पाठवले! किती? चाळीस हजार एक! जावयाला शून्यावर कसं द्यायचं? मंडळी, चोरीवर वरचा रुपया मिळालेला तो पहिलाच चोर असेल!

रविवारी खरे हणमंतराव मंदाला घेऊन जेवायला आले. ताटात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. पैशांचा विषय ते काढेनात. भागूबाईंना वाटलं — लाजतायत बिचारे! आपण तरी कसा काढावा? वाढत राहिल्या. इतक्यात — टिंग! 'आई, आणखी वीस पाठवा. लगेच.'

भागूबाईंनी मोबाईल बघितला. जावई बघितला. जावयाचे दोन्ही हात धोंड्यात!

"जावईबापू... आत्ता मला काही लिहिलंत?"

"मी? कशानं लिहू? बोटं तुपात आहेत!"

भागूबाईंनी मोबाईल मंदापुढं धरला, सगळं सांगितलं. मंदानं तिथूनच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरला, फोन लावला, बँकेला कळवलं. बारा हजार वाटेत अडवले गेले, ते पुढं परत आले. बाकीचे गेले!

"माझीच चूक," भागूबाई म्हणाल्या. "डोळ्याचं पुढच्या वर्षी बघू."

हणमंतरावांनी हात धुतले. म्हणाले, "तारीख मोडायची नाही. बुधवारी मी येतो न्यायला. मी बोलत असतो, तर तुम्हाला विचारायला भीती वाटली असती का?"

मंडळी, आता मान तुमच्याकडं वळवतो! पैसे मागणारा जावई असो नाहीतर व्याही — जुन्या नंबरावर फोन लावा, आवाज ऐका. 'कुणाला सांगू नका' म्हणाला, तर आधी चार जणांना सांगा! खरा असेल तो रागावणार नाही. आणि रागावलाच, तर खरा असला तरी देऊ नका! अन् मागं भिंतीला टेकलेले जावई, मुलगे — तुम्ही जिथं बोलत नाही, तिथं चोर गोड बोलून जातो!

मांडा हिशोब. चोराचे गेले दोन मेसेज. भागूबाईंचे अठ्ठावीस हजार एक. आणि बुधवारचे चाळीस हजार दवाखान्यात मोजले हणमंतरावांनी — अकरा वर्षं न केलेल्या फोनांचं बिल!