दंडाणूची चिठ्ठी

अवघड शब्दांवरून माझी चेष्टा करता ना, मग हे ऐका. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांसाठी मराठी शब्द बनवायचं काम मी मुलुंडला घरीच करायचो. फंगसला कवक, बॅक्टेरियाला जीवाणू, बॅसिलसला, म्हणजे काठीसारख्या जीवाणूला, दंडाणू. एका शब्दाची एक चिठ्ठी, वर इंग्रजी, खाली मराठी. माझं अक्षर कोणाला लागायचं नाही, म्हणून चिठ्ठ्या माझी बायको कुसुम लिहायची. इंग्रजी तिला येत नव्हतं. अक्षरं बघून बघून काढायची बिचारी.

तिचा खोकला दोन महिने हटेना, तेव्हा थुंकी तपासायला दिली. रिपोर्ट मीच आणला.

"काय लिहिलंय हो?"

"काही नाही गं. साधा खोकला आहे."

"बघू."

मी बिनधास्त कागद दिला. सगळं इंग्रजीत, हिला काय कळणार? ती ओळींखालून बोट फिरवत गेली आणि एका शब्दावर थांबली. मग उठली, माझ्या टेबलावरच्या गठ्ठ्यातून एक चिठ्ठी शोधली आणि रिपोर्टशेजारी ठेवली. वरचा इंग्रजी शब्द तोच होता. खाली तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'क्षयाचा दंडाणू'.

तो शब्द मीच बनवला होता. मीच, हां!

तिने स्वतःचा कप आमच्या लहानग्या बाळूच्या कपाशेजारून उचलून वेगळ्या फळीवर ठेवला.

"बाळूला आजच भांडुपला माझ्या आईकडे सोडून या," ती म्हणाली. "आणि पुढच्या चिठ्ठ्या तुम्हीच लिहा. जरा नीट अक्षरात."